गळत्या पेशींची साक्ष

उल्हासनगरच्या कॅम्पांत जीन्स शिवणारे कारागीर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील पाळीवाले आणि बदलापूरहून पहाटेची लोकल धरणारे चाकरमाने यांच्यांत तंबाखूचा बार भरणारे पुष्कळ सापडतात. आणि गुटख्यावर महाराष्ट्र सरकारने २०१२ साली बंदी घातली, तरी मावा व मिश्री यांचा अंमल त्या हुकुमाने उठला नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला की असा मनुष्य तो घरच्यांपासूनही लपवितो, कारण डॉक्टर तुकडा काढतील या भयापुढे कर्करोगाचे भय त्याला थिटे वाटते.

त्या भयावर शास्त्राजवळ एक सौम्य तोड आहे. तोंडाच्या अस्तरात तळाशी नित्य नव्या पेशी जन्मतात, त्या वर सरकत चपट्या होतात आणि अखेरीस लाळेत गळून पडतात. अशाच गळलेल्या पेशींवरून गर्भाशयमुखाचा कर्करोग ओळखता येतो, हे ग्रीसमध्ये जन्मलेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी अमेरिकेत दीर्घ परिश्रमाने सिद्ध केले, १९४३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे तीच रीत तोंडाच्या विकारांनाही लावण्यात आली. चट्ट्यावर लहान ब्रश किंवा लाकडी पट्टी दाबून फिरवावयाची, निघालेला अंश काचपट्टीवर पसरून वाळण्यापूर्वीच मद्यार्कात बुडवावयाचा आणि रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, एवढाच हा विधी. निरोगी पेशीचे केंद्रक लहान व रेखीव असते. बिघडलेल्या पेशीत ते फुगते, गडद होते, त्याची कड वेडीवाकडी होते.

मात्र चट्टा जाड व कठीण असेल, तर वरवरच्या निर्जीव पेशीच हाती येतात आणि खालचा बिघाड नजरेआड राहतो. सबब निर्दोष अहवाल ही रोगमुक्तीची सनद नव्हे, आणि संशय असेल तेथे अखेरचा निवाडा बायॉप्सीच, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणीच, करते. सुपारीने तोंड उघडेनासे होण्याचा जो विकार डॉ. जोशी यांनी १९५३ साली वर्णिला, त्यात आवळणारे तंतू अस्तराच्या खाली असल्याने ही तपासणी एकटी पुरत नाही.

कर्करोगासाठी मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, पण तपासणीसाठी तेथवर जावयाचे तर बदलापूरच्या मजुराचा रोज बुडतो. काचपट्टी प्रवास करू शकते; म्हणून नमुना घेण्याची तजवीज या तिन्ही शहरांच्या सरकारी व पालिकेच्या दवाखान्यांत व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि वाचकहो, तोंडातील चट्टा वा व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो दुखत नसला तरी दंतवैद्यास दाखवा.