एक जमीन, अनेक दप्तरें

शेतकऱ्याची जमीन एकच असते. परंतु तिच्याविषयींची माहिती एके ठिकाणीं कधींच नसते. तिचा भोगवटादार कोण हें एका दप्तरांत, तिची हद्द कोणती हें दुसऱ्यांत, तींत कोणतें पीक उभें आहे हें तिसऱ्यांत, आणि ती कोणीं कोणास विकली हें चौथ्यांत. आजवर हीं दप्तरें आपापल्या कपाटांत निरनिराळीं राहिलीं, म्हणून त्यांच्यांतील विसंगतीहि झांकून राहिली. आतां संगणकाच्या साह्यानें तीं एकमेकांस जोडलीं जात आहेत. ही जोडणी म्हणजे काय, तींत शेतकऱ्याचा लाभ व धोका कोणता, आणि त्यानें कोणती सावधगिरी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं ठाणें जिल्ह्यांतील मिरा-भाईंदरचा प्रदेश घेऊं. साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरीं भाईंदर, नवघर, खारी, मिरे, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन इत्यादि गांवें आहेत. भाताचीं खाचरें, मिठागरें व मासेमारी यांवर हा भाग पिढ्यान् पिढ्या जगला. येथें ता. २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत वस्ती ८,०९,३७८ भरली. असें असलें तरी महसुली दप्तरांत हीं गांवें अद्याप गांवेंच आहेत.

अशा गांवांतील खाडीकांठचा एखादा तुकडा किती दप्तरांत नोंदलेला असूं शकतो तें पाहा. हक्काची नोंद गांव नमुना सातमध्यें आणि पिकाची नमुना बारामध्यें; या दोहोंचा मिळून सातबारा होतो. खातेदाराच्या गांवांतील एकंदर जमिनीचा मेळ नमुना आठ-अमध्यें, व हक्कांत झालेला प्रत्येक बदल नमुना सहामध्यें, म्हणजे फेरफारांत. मोजणीचा नकाशा भूमि अभिलेख खात्याकडे; खरेदीखत, गहाणखत दुय्यम निबंधकाकडे; विकास आराखडा व घरपट्टीचें पुस्तक महानगरपालिकेकडे. लगत मिठागर असेल तर केंद्र सरकारच्या मीठ खात्याचें दप्तर वेगळें. आणि कांदळवन असेल तर वनखात्याचेंहि, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवनांची नोंद व संरक्षण यांस विशेष महत्त्व आलें. याशिवाय आधार व बँक आहेतच.

पूर्वी या सर्वांची जोडणी एक मनुष्य करीत असे, आणि तो म्हणजे तलाठी. रामा गोविंद आणि रामचंद्र गोविंद हा एकच गृहस्थ, हें त्यास कोणीं सांगावें लागत नसे. चावडीवाचनाच्या वेळीं नोंदी मोठ्यानें वाचल्या जात, व चूक असेल तर चार भावकीचे लोक तेथेंच हरकत घेत. ही पद्धति निर्दोष होती असें नव्हे. गांवाची माहिती एका माणसाच्या डोक्यांत असणें म्हणजे गांव त्याच्या मर्जीवर असणें, हें आपल्या वाडवडिलांनीं पुरेपूर अनुभविलें आहे. परंतु त्या जोडणीस माणसांची ओळख होती. यंत्रास ती नसते. यंत्र दोन नोंदी शेजारीं ठेवतें व त्यांतील समान खूण शोधतें. खूण जुळली तर एक, न जुळली तर दोन. सगळें मर्म या खुणेंत आहे.

महाराष्ट्रांत ही जोडणी टप्प्याटप्प्यानें आली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ता. १ मे २०१८ पासून मिळूं लागला. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू होऊन शेतकरी स्वतःच शेतांत उभा राहून मोबाइलवरून पिकाची नोंद करूं लागला. पुढें डिसेंबर २०२४ पासून ॲग्रिस्टॅक योजनेखालीं शेतकऱ्यांची नोंदणी सुरू झाली. या योजनेचे आधारस्तंभ तीन: शेतकऱ्यांची नोंदवही, पेरलेल्या पिकांची नोंदवही, व भूमीवरील प्रत्यक्ष स्थानाशीं जुळविलेले गांवनकाशे. प्रत्येक खातेदारास ११ अंकी ओळख क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकानें निरनिराळ्या गांवांतील त्याचीं खातीं एका दोरींत ओवलीं जातात. कृषि खात्याच्या योजनांसाठीं हा क्रमांक ता. १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक ठरला आहे.

अशी जोडणी दोन रीतींनीं करतां येते. एक रीत अशी कीं, सर्व दप्तरांच्या नकला काढून त्यांचें एक मोठें पुस्तक करावयाचें. यांत दोष हा कीं, मूळ नोंद बदलली तरी नक्कल जुनीच राहते. दुसरी रीत अशी कीं, प्रत्येक दप्तर त्याच्या रखवालदाराकडेच ठेवावयाचें, व प्रश्न पडेल तेव्हां मूळ दप्तरासच विचारावयाचें. एस्तोनिया नांवाच्या लहानशा युरोपीय देशानें २००१ सालीं ‘एक्स-रोड’ या नांवानें हीच दुसरी रीत स्वीकारली. आमच्या मतें शेतकऱ्याच्या हिताची रीत हीच होय. कारण तींत चूक कोणत्या दप्तराची व ती सुधारण्याची जबाबदारी कोणाची, हें स्पष्ट राहतें.

आतां खूण कोठें चुकते तें पाहूं. पहिली अडचण क्रमांकाची. मिरा-भाईंदरकडील दस्तांत ‘जुना सर्व्हे नंबर’ व ‘नवा सर्व्हे नंबर’ असे दोन आंकडे आढळतात. आजोबांचें खरेदीखत जुन्या नंबराचें आणि सातबारा नव्या नंबराचा असेल, तर मनुष्य तें समजून घेईल. यंत्रास मात्र दोन निराळ्या जमिनी दिसतील. दुसरी अडचण नांवाची. सातबाऱ्यावर देवनागरींत एक नांव, आधारावर इंग्रजी वळणाचें दुसरें, आणि बँकेंत आडनांव आधीं. उत्तन-डोंगरीकडील ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांत एकच पोर्तुगीज वळणाचें नांव तीन प्रकारें लिहिलेलें असूं शकतें. नांवें पुरेशीं न जुळल्यास अर्ज आपोआप मंजूर न होतां महसूल अधिकाऱ्याच्या तपासणीस जातो.

तिसरी अडचण क्षेत्राची. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४०.४७ आर. तो तीन भावांत समान वांटला तर प्रत्येकास १३.४९ आर येतात. कोणीं सोयीसाठीं १३.५० लिहिले, तर बेरीज ४०.५० होते व मूळ क्षेत्रापेक्षां ३ चौरस मीटर जमीन कागदावर वाढते. भाताच्या खाचरांत ही गोष्ट कोणी मनास लावून घेणार नाहीं. पण बेरीज तपासणाऱ्या यंत्रास तो फरकच, आणि मुंबईच्या वेशीवरील भूमींत तो मालकासहि फरकच. चौथी अडचण नकाशाची. सातबारा पोटहिश्शांचे झाले, परंतु मोजणी न झाल्यानें नकाशावर एकच अखंड नंबर राहिला, अशीं उदाहरणें राज्यभर आहेत.

या चुका पूर्वीहि होत्या, मग आतां चिंता कां? कारण असें कीं, पूर्वी एका पुस्तकांतील चूक त्या पुस्तकापुरती राहत असे. आतां ती जोडलेल्या प्रत्येक ठिकाणीं उमटते. एका अक्षराच्या फरकानें सन्मान निधीचा हप्ता थांबतो, कर्ज अडतें, विम्याचा दावा पडून राहतो. सार्वजनिक कामासाठीं जमीन घेण्याची वेळ येते, तेव्हां तर मोबदला कोणास द्यावयाचा हें दप्तरच ठरवितें. मेट्रो ९ च्या आगारासाठीं याच भागांतील राई, मुर्धे, मोर्वे व नंतर डोंगरी या गांवांचा विचार झाला, हें वाचकांस ठाऊक असेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५७ अन्वयें अधिकार अभिलेखांतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंद मुकाट्यानें पडूं देणें याचा अर्थ पुराव्याचें ओझें स्वतःच्या शिरावर घेणें होय.

सबब प्रत्येक खातेदारानें पुढील गोष्टी कराव्या. सातबारा, आठ-अ, नकाशा, सूची क्रमांक दोन व आधार हे कागद एकत्र मांडून त्यांतील नांव, क्रमांक व क्षेत्र ओळीनें ताडून पाहावें. वडील अथवा आजोबा वारले असून त्यांचेंच नांव चालू असेल, तर वारसनोंद करून घ्यावी, राज्यांत ता. १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम याचसाठीं निघाली. वारसांत बहिणींचीं नांवें गाळूं नयेत. तो कायद्याचा भंग तर आहेच, आणि पुढें तीच गोष्ट व्यवहार अडविते. एकत्र कुटुंब कर्त्याची, म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ अशी जुनी नोंद असल्यास ती दुरुस्त करून सर्व सहधारकांचीं नांवें लावावीं. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा, व पोंच जपून ठेवावी. जुन्या-नव्या नंबरांचें कोष्टक घरांतील वहींत उतरून ठेवावें; तें पुढल्या पिढीस दागिन्याइतकें उपयोगीं पडेल.

सरकारकडेहि मागणें रास्त आहे. प्रत्येक नोंदीखालीं ती शेवटीं केव्हां तपासली व कोणीं तपासली हें छापलेलें असावें. दोन दप्तरांत फरक आढळला तर तो प्रथम खातेदारास कळवावा, आणि दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित असतां त्याचा हप्ता रोखूं नये. चूक खात्याची आणि उपास शेतकऱ्याचा, हा न्याय नव्हे. आपल्या संस्थांनींहि गांवोगांव चावडीवाचनाची जुनी चाल नव्यानें चालू करावी. फरक इतकाच कीं, आतां एक सातबारा न वाचतां सर्व कागद शेजारीं ठेवून वाचावे. दप्तरें जोडण्याचें काम यंत्र करील. परंतु त्या दप्तरांतला मनुष्य एकच आहे, ही साक्ष गांवानेंच दिली पाहिजे.