राजपुरीचा धक्का

मे महिन्यातली सकाळ. जेमतेम दहा वाजलेत, पण राजपुरीच्या धक्क्याचा दगड चपलेतूनही पोळतो आहे. रांग तिकिटाच्या खिडकीपासून निघते, भिंतीच्या सावलीनं पुढं सरकते आणि कोकम सरबताच्या गाडीपाशी येऊन उन्हात उघडी पडते. तिथं प्रत्येक जण थबकतो. पुढचा हलला की एक उडी मारून पुढची सावली गाठायची. कुणाच्या तरी पिशवीत ताडगोळे आहेत.

शेजारच्या मोकळ्या जागेत एक कोळीण जवळा पसरते आहे. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील लटकलेत. शहरातली एक मुलगी नाक दाबते. कोळीण वर बघत नाही. हातातल्या झाडूनं ती जवळ्याच्या कडा सारख्या करत राहते.

समोर पाण्यात तो आहे. काळसर, लांबट, गप्प. मुरूडचा जंजिरा.

आमचा नंबर येतो. शिडाच्या होडीत आधी बायका-मुलं, मग वजनदार माणसं मधे, मग उरलेले काठावर. खलाशी न बोलता माणसं इकडची तिकडं हलवतो. इंजिनाचा आवाज नाही. दोर ओढला जातो, ठिगळं लावलेलं शीड फुगतं आणि होडी एका अंगावर कलते. दोन मुलं ओरडतात. एक आजी डोळे मिटून घेते.

‘‘दरवाजा कुठाय, सांगा बघू,’’ गाइड विचारतो. सगळे तट न्याहाळतात. सलग भिंत पाण्यातून थेट वर आलेली आहे, चाळीसेक फूट. दरवाजा दिसत नाही. बरोबर उत्तर कुणालाच येत नाही, यावर त्याचा धंदा उभा आहे.

तेवढ्या वेळात तो इतिहास सांगून घेतो. आधी इथं कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. त्यांचा म्होरक्या राम पाटील. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, दारूची पिंपं भेट म्हणून दिली, कोळी झोकांड्या खाऊ लागल्यावर उरलेल्या पिंपांतून शिपाई बाहेर पडले. गोष्ट फार चांगली आहे, आणि गाइडला ती फार चांगली सांगता येते. दगडी कोट त्यानंतर निजामशाहीतच, सोळाव्या शतकात चढला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथं सिद्दींचा वंश पक्का झाला. मूळ हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे लोक. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून गुलाम म्हणून, शिपाई म्हणून, दर्यावर्दी म्हणून दख्खनेत आलेले. अहमदनगरची निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर त्यांच्यातलाच.

होडी वळते आणि दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा एकदम उघडा पडतो. ‘‘लाट आली की थांबा. लाट गेली की पाय टाका.’’ खलाशाचा हात घट्ट आणि खारट आहे. पायऱ्या शेवाळानं निसरड्या झाल्यात.

दरवाजाच्या बाजूला दगडात एक वाघासारखं श्वापद कोरलं आहे. पंजांखाली हत्ती, शेपटीच्या वेढ्यातही हत्ती. हत्ती चिमुकले, बोक्याच्या तावडीतल्या उंदरांएवढे. गर्दी मोबाइल वर करते आणि आत ढकलली जाते.

आत बावीस एकर आहे. बाहेरून किल्ला वाटतो. आत शिरल्यावर कळतं, हे गाव होतं. कलाल बांगडी तोफेपाशी सगळे थांबतात. बावीस टनांची, गाइड सांगतो. एके काळी अशा-तशा मिळून ५७२ तोफा होत्या. ही पंचधातूची, म्हणून उन्हात तापत नाही, हात लावून बघा. मी लावतो. माझ्या हाताला ती चांगली तापलेली लागते. मी बोलत नाही.

तोफेपुढं रांग आहे, फोटोसाठी. घरांपुढं नाही. घरं म्हणजे जोती, अर्ध्या भिंती, त्यात कोनाडे. कोनाड्यात दिवा ठेवत असतील, तांब्या ठेवत असतील. इथं तीन मोहल्ले होते, दोन मुसलमानांचे आणि एक इतरांचा. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याचे तलाव. आता पाणी हिरवं आहे, त्यात प्लास्टिकची बाटली तरंगते. सिद्दी सुरुलखानाच्या वाड्याच्या उंच भिंतींतून झाडं वर आलीत. माझ्या मते किल्ला टिकला तो तोफांइतकाच या तलावांवर. पण तलावाला टाळी मिळत नाही.

तटावर वारा आहे. सगळे आधी पाठ तिकडं करतात, शर्ट वाळवतात, मग बघतात. पूर्वेला राजपुरी. दक्षिणेला खाडीपलीकडं दिघी, त्याच्याही खाली श्रीवर्धन. तिथलं भट घराणं सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर गेलं आणि पुढं पेशवे झालं. वायव्येला पाण्यात आणखी एक कोट, पद्मदुर्ग. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या उरावर बांधलेला. तिथं गेलं की एक गोष्ट दिसते: लाटांनी दगड खाल्ला आहे, मधला चुना तसाच आहे. याच कोटाच्या आधारानं मराठ्यांच्या बाजूच्या लाय पाटील या कोळ्यानं जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावल्या होत्या. मागून येणारी फौज वेळेत आली नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरी आणि जंजिऱ्यामधली खाडीच दगडांनी बुजवायला घेतली. मुघल फौज कोकणात उतरली आणि काम तिथंच राहिलं.

‘‘अजिंक्य!’’ गाइड हात उंचावतो. शाळेची सहल टाळ्या वाजवते. पुढचं तो सांगत नाही. १६८९ नंतर रायगडही काही काळ याच सिद्दींकडं होता. १७३३ मध्ये मराठ्यांनी परत घेतला. इंग्रजांच्या काळात जंजिरा संस्थान झालं, काठेवाडातलं जाफराबादही त्याचंच. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. तोफ उडाली नाही, कागद झाले. राजाश्रय गेला तसा रोजगार गेला आणि मोहल्ले हळूहळू उठून किनाऱ्यावर आले.

खालून शिट्टी वाजते. पाऊण तास संपला. दरवाजात उतरणारे आणि चढणारे एकमेकांत अडकलेत. कुणाची टोपी पाण्यात. पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत फेऱ्या बंद, म्हणून खलाशी एकही फेरी चुकवत नाहीत.

होडीत आजी या वेळी डोळे उघडे ठेवून बसते. साताऱ्याकडची असावी.

‘‘आन् ते सिद्दी गेलं कुठं वो?’’ ती खलाशाला विचारते.

‘‘जातायत कुठं आजी? गावातच हायत की. एक माझ्या वर्गात होता.’’

‘‘आपल्यावानी बोलत्यात?’’

‘‘माझ्यावानी बोलतात.’’

आजी विचार करते. ‘‘मासं खात्यात?’’

‘‘आमच्यापेक्षा जास्त,’’ तो म्हणतो आणि दोर सोडतो. ‘‘डोकी खाली घ्या, शीड फिरतंय.’’