गोल्फच्या सरावाची जागा निवडताना

अंबडमध्ये गोल्फचे मैदान नाही. तथापि लष्करातून वा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन गावी परतलेले, हा खेळ निष्ठेने खेळलेले ज्येष्ठ आपल्या घरात असतील, तर मुलांकडे पुण्या-मुंबईस गेल्यावर सराव कोठे करावा, हा प्रश्न त्यांना पडतोच. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, सिडकोने खारघरला उभारलेले मैदान ही नावे परिचित आहेत. पाहुण्यांसाठीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

मुरलेला खेळाडू चेंडू किती दूर जातो, हे प्रथम पाहतो. आपण पायांखाली काय आहे, ते पाहावे. सिमेंटवर अंथरलेल्या पातळ चटईवर लोखंडी क्लब आपटला की त्याचा धक्का मनगट, कोपर व खांदा यांना सोसावा लागतो. हिरवळीखालची माती सरकते आणि तो धक्का ओसरतो. शिवाय चटई फसवते. चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला क्लबही तिच्यावरून घसरत पुढे जातो आणि चुकलेला फटका बरा वाटतो. हिरवळ चूक झाकत नाही. म्हणून कसलेल्या खेळाडूसही तीच उपयुक्त.

दुसरी गोष्ट पटिंगच्या हिरवळीची. १८ होलच्या ७२ पारमध्ये प्रत्येक होलला २ याप्रमाणे ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात. जिथे ही हिरवळ दुर्लक्षित, ती जागा दिसायला कितीही झगझगीत असो, सोडून द्यावी. वाढत्या वयात लांब फटक्याचे बळ ओसरते, हा हलका हात मात्र टिकवता येतो. आणि त्यासाठी पुण्यास जाण्याचीही गरज नाही. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तेवढे वर्तुळ खडूने सतरंजीवर आखून अंबडच्या ओसरीवरही सराव होतो. गुडघे धड असतील, तर मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायऱ्या पायांना बळ देतील.

सोबत जाणाऱ्यांनी सावली, बाक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह जवळ आहे ना, हे स्वतः पाहावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे. हाडे ठिसूळ असल्यास वा पाठीचे दुखणे असल्यास कंबरेतून पिळा देणारा हा खेळ डॉक्टरांना विचारूनच खेळावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. बादलीभर चेंडू संपवलेच पाहिजेत, असा हट्ट नको. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवताच खेळ थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.