जुन्या स्पोर्ट्स मोटारी : ऑईलची निवड आणि गळतीचा बंदोबस्त

मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात आपल्या समाजातील कारागिरांचा हात पूर्वीपासून आहे. मुंबई-पुण्यापासून लहान तालुक्यांपर्यंत गॅरेज चालविणारे, डेंटिंग-पेंटिंग करणारे आणि सुट्या भागांची दुकाने मांडणारे बांधव सर्वत्र आढळतात. मात्र नव्या मोटारींचे काम आता कंपन्यांच्या वर्कशॉपकडे व कॉम्प्युटरकडे जात चालले आहे. अशा वेळी ज्या कामात हाताची कसब आणि जुने ज्ञान लागते, तिकडे लक्ष देणे शहाणपणाचे ठरेल. जुन्या स्पोर्ट्स मोटारींची देखभाल हे असेच एक क्षेत्र आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. साहजिकच अशा गाड्या जपणाऱ्यांना जाणत्या मिस्त्रीची गरज पडते. त्यांची सर्वांत मोठी तक्रार एकच असते : गाडी ऑईल गाळते.

या लेखात मुख्यतः ब्रिटिश गाड्यांचा विचार केला आहे. एमजी-ए (१९५५ ते १९६२), एमजी-बी (१९६२ ते १९८०), ट्रायम्फची टीआर मालिका आणि जग्वार ई-टाइप (१९६१ ते १९७४) या त्यांतील प्रसिद्ध गाड्या होत. आपल्या मिस्त्रींना हे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये दीर्घकाळ बसविले जाणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बीएमसीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलेच होते. सुरुवातीच्या एमजी-एमध्ये त्याच मापाचे इंजिन होते आणि एमजी-बीमध्ये त्याच घराण्यातले १७९८ सीसीचे. ज्याने अँबॅसडरचे इंजिन खोलले आहे त्याला निम्मे काम आधीच येते.

ऑईल कोणते घालावे?

डब्यावरचे आकडे प्रथम समजून घ्यावेत. '२०डब्ल्यू-५०' मधील पहिला आकडा थंडीत ऑईल किती पातळ राहते ते सांगतो. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सियसला, ते किती जाड राहते ते सांगतो. आकडा मोठा तितके ऑईल जाड. आजच्या अनेक मोटारींना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे पातळ ऑईल लागते, कारण त्यांच्या बेअरिंगमधील फट फार कमी असते. जुन्या इंजिनात फट जास्त असते आणि आपल्याकडे हवाही उष्ण. म्हणून या गाड्यांना साधारणपणे २०डब्ल्यू-५० हेच ऑईल मानवते. पातळ ऑईल घातल्यास तापल्यावर प्रेशर उतरते, टॅपेट वाजू लागतात आणि गळती वाढते.

प्रेशरचा हिशेब घड्याळावर पाहावा. एमजी-बीचे इंजिन गरम असताना चालत्या गाडीत दर चौरस इंचास ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड प्रेशर असावे. याहून कमी दिसले तर नुसते जाड ऑईल ओतून समाधान मानू नये. बेअरिंग, ऑईल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासावा.

दुसरी गोष्ट जस्ताची. या इंजिनांत कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत चालतो, रोलर नसतो. तेथे धातूवर धातूचा भार प्रचंड असतो. तो सोसण्यासाठी ऑईलमध्ये जस्त व फॉस्फरसचे एक संयुग घालतात. तेच फॉस्फरस आजच्या गाड्यांच्या सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरते. म्हणून २००४ मधील एपीआय 'एसएम' दर्जापासून पातळ ग्रेडच्या ऑईलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ती मर्यादा तशी लागू नाही, तरीही प्रत्येक कंपनी जस्त पूर्वीइतकेच ठेवते असे समजू नये. कंपनीचे माहितीपत्रक मागवून फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असल्याची खात्री करावी. जुन्या गाड्यांसाठी म्हणून मुद्दाम बनविलेले २०डब्ल्यू-५० मिळत असल्यास उत्तम. नवा दर्जा म्हणजे प्रत्येक इंजिनाला चांगला, हा समज येथे घात करतो.

वरून जस्ताच्या बाटल्या ओतण्याची सवयही चांगली नाही. प्रमाण फार वाढले तर फायद्याऐवजी झीज होते. मात्र नवा कॅमशाफ्ट बसविला असेल तर त्याच्या लोब्सना खास लेप लावावा. इंजिन सुरू होताच आयडलिंगवर न ठेवता सुमारे २० मिनिटे दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर चालवावे. कॅम आणि टॅपेट यांची जोडी याच वेळात एकमेकांशी बसते. येथे आळस केला तर नवा कॅम पहिल्याच दिवशी निकामी होऊ शकतो.

गिअरबॉक्सचा नियम वेगळा आहे. एमजी-बीच्या गिअरबॉक्स व ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचेच ऑईल घालतात. ज्या गाड्यांत गिअर ऑईल लागते, तेथे 'जीएल-५' दर्जाचे ऑईल डोळे मिटून ओतू नये. त्यातील काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना खातात. पुस्तकात 'जीएल-४' लिहिले असेल तर तेच द्यावे.

गळती नेमकी कोठून?

अनेक गॅरेजांत चूक होते ती येथे. ऑईल खाली दिसले की चेंबर उतरवून पॅकिंग बदलतात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा दारात उभी राहते. ऑईल उतारावर वाहते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरते. म्हणून थेंब जेथे पडतो तेथे दोष असतोच असे नाही. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग हीच दोषाची जागा समजावी.

प्रथम इंजिन थंड असताना ते रॉकेलने स्वच्छ धुवून पूर्ण कोरडे करावे. संशयाच्या जागी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन गरम होईपर्यंत चालवून दिव्याच्या उजेडात पाहावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून चाकांच्या खुणा कराव्यात, म्हणजे थेंब कोठे पडतात ते कळते. एमजी-बीमध्ये इंजिन व गिअरबॉक्सचे ऑईल एकच असल्याने वासावरून फरक कळत नाही. तेथे दोन्ही पातळ्या आठवडाभर वेगवेगळ्या मोजून कोणती उतरते ते पाहावे.

स्वस्त उपाय आधी, महाग नंतर

पहिली नजर ब्रीदरवर टाकावी. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली येतोच. त्याला बाहेर जाण्याची वाट बंद झाली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. ब्रीदरची नळी, जाळी आणि व्हॉल्व्ह साफ केला की कितीतरी गळती पॅकिंग न बदलताच कमी होते. ब्रीदर साफ असूनही त्यातून जोराने धूर येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. मग सील कितीही बदलले तरी टिकणार नाहीत.

दुसरे, ऑईलची पातळी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरणे हे औदार्य नव्हे, नुकसान आहे.

तिसरे, कव्हरांचे पॅकिंग. टॅपेट कव्हरखाली कॉर्कचे पॅकिंग असते. गळते म्हणून बोल्ट आवळत गेल्यास पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती वाढते. कव्हर सपाट फळीवर ठेवून त्याची कड सरळ करावी, जुने पॅकिंग खरवडून काढावे आणि बोल्ट बेताने आवळावेत. बी-सिरीज इंजिनाच्या बाजूला मॅनिफोल्डमागे लपलेली दोन झाकणे असतात. तेथील गळती बरेचदा मागच्या सीलची म्हणून खपते आणि गिऱ्हाइकाचे इंजिन विनाकारण उतरते.

चौथे, फिल्टर. सुरुवातीच्या एमजी-बीमध्ये डब्यातला फिल्टर असतो आणि त्याची रबरी रिंग खाचेत बसते. जुनी रिंग खाचेतच राहून तिच्यावर नवी चढली, तर गाडी सुरू होताच ऑईल वाहू लागते. जुनी रिंग टोकदार सळईने काढल्याची खात्री करावी. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा घालावा किंवा तापवून नरम करून वापरावा.

पाचवे, पुढचे सील. नवे सील घालूनही गळत असेल तर पुलीच्या बॉसवर बोट फिरवून पाहावे. जुन्या सीलने तेथे खाच पाडलेली असते. त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढविली की काम होते, पुली बदलावी लागत नाही.

मागच्या बाजूची गळती

येथे गाडीचा जन्म ठाऊक असणे आवश्यक आहे. एमजी-ए, ट्रायम्फ टीआर-४ आणि तीन बेअरिंगची सुरुवातीची एमजी-बी यांच्या क्रँकच्या मागे सीलच नसते. क्रँकवर आटे कापलेले असतात आणि ते फिरताना ऑईल परत आत ढकलतात. इंजिन बंद असताना ही रचना काम करत नाही. म्हणून उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडणे हा तिचा स्वभाव आहे, रोग नाही. १९६४ च्या अखेरीस आलेल्या पाच बेअरिंगच्या एमजी-बीमध्ये रबरी सील आहे. जग्वार ई-टाइप ४.२ मध्ये दोरीचे सील असून ते योग्य अवजाराने दाबून मापात बसवावे लागते. जुनी दोरी, पॅकिंग आणि क्लच प्लेटमध्ये एस्बेस्टॉस असू शकते. त्यावर हवेचा फवारा मारू नये. भाग ओला करावा आणि मास्क लावावा. फुफ्फुस बदलून मिळत नाही.

एमजी-बीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही, इंजिन उतरवावेच लागते. म्हणून एकदा उतरविल्यावर मागचे सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग सर्व तपासून घ्यावे. सीलला सूज आणणारी 'लीक बंद' औषधे आटे असलेल्या क्रँकवर काहीच करीत नाहीत आणि चांगले सील नरम करतात.

एक गळती मात्र एक दिवसही सोडू नये. मागच्या चाकातून एक्सलचे ऑईल ब्रेक शूवर येत असेल किंवा ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत असेल, तर गाडी तशी परत देऊ नये. पहिल्यात ब्रेक लागत नाही, दुसऱ्यात आग लागते. गिऱ्हाईक घाईत असला तरी जबाबदारी आपली आहे.

व्यवहाराची बाजू

गाडी विकण्यापूर्वी इंजिन धुवून चकचकीत करायचे आणि गळती लपवायची, हा प्रकार बाजारात चालतो. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जी ताकीद दिली ती आपण सर्व जाणतो. मालाचा ऐब लपविणारा 'आपल्यातला' राहत नाही. ती ताकीद गॅरेजलाही लागू आहे. गाडीत काय दोष आहे, कोणती गळती थांबेल आणि कोणती थोडी राहील हे काम घेण्याआधी कागदावर लिहून द्यावे. ऑईलचा डबा गिऱ्हाइकासमोर उघडावा आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात बनावट माल भरला जाणार नाही. काढलेले जुने भाग परत दाखवावेत.

जळालेले ऑईल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते बंद पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी हासुद्धा शेजाऱ्याचा हक्क आहे.

जुन्या गाडीचा मालक सहसा मिस्त्री बदलत नाही. एकदा विश्वास बसला की तो आपल्या दहा मित्रांना घेऊन येतो. तरुण कारागिरांनी या गाड्यांची मूळ दुरुस्ती पुस्तके मिळवावीत, मापे वहीत लिहून ठेवावीत आणि जुन्या उस्तादांकडून हे हुन्नर वेळीच शिकून घ्यावे. इन्शाअल्लाह, त्यात इज्जतीची आणि हलाल रोजी आहे.