इंजिन नवे, लेखणी जुनी

‘इंजिन बदलले’ हे शब्द सौंसरच्या जुन्या घरात कोणी उच्चारले, की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आगगाडीच उभी राहते. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सौंसरवरून जात असे. २०१५ साली ती बंद झाली आणि तो मार्ग ब्रॉडगेजचा करण्यात आला. पांढुर्ण्याला नागपूर-इटारसी मार्गाची मोठी गाडी फार पूर्वीपासून आहे. रूळ बदलले की जुने डबे त्यावर चालत नाहीत, हे व्यवहारज्ञान आमच्या या दोन गावांत कोणाला शिकवावे लागत नाही.

म्हणूनच गेल्या पोळ्याला घरी आलेल्या आमच्या पुतणीने कपाळाला हात लावून “इंजिन बदललं आणि सगळं बिघडलं,” असे म्हणताच ओसरीवरून आजींचा प्रश्न आला, “इंजन नवं आलं म्हनतेस, मंग डब्बे जुनेच लागतात का?”

पुतणी संगणकावरचा एक खेळ तयार करीत होती. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी संत्र्याच्या बागेतून धावतो, अशी त्याची कल्पना. आठ दिवसांत तो महाविद्यालयात दाखवायचा होता. आदल्या रात्री तिने गेम इंजिनची नवी आवृत्ती घेतली आणि तिच्यासोबत आलेला नवा एडिटरही स्वीकारला. सकाळपासून तिच्या हातून चार ओळी धड लिहून होईनात. “काका, बोटंच चालत नाहीत,” ती म्हणाली. जुन्या एडिटरकडे परतावे, असे तिच्या मनात होते.

आम्ही मात्र वडीलकीच्या सुरात सांगितले, “पुढे टाकलेले पाऊल मागे घेऊ नये.” हा उपदेश चुकीचा होता, हे आम्हांला दुपारपर्यंत उमगले. ते का, हेच येथे सांगावयाचे आहे.

गेम इंजिन म्हणजे खेळाचा गाडा ओढणारी यंत्रणा. चित्र पडद्यावर उमटविणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे, आवाज काढणे ही कामे ती करते. नंदीने केव्हा उडी मारावी, हा हुकूम मात्र माणसाने लिहावयाचा असतो आणि तो लिहिण्याचे साधन म्हणजे एडिटर. एडिटर चूक दाखवितो, अर्धा शब्द लिहिताच पुढचा सुचवितो, चालता खेळ मध्येच थांबवून दोष कोठे आहे ते शोधू देतो. या सोयींसाठी त्याची इंजिनशी जोडणी असावी लागते. इंजिनची आवृत्ती बदलली, की पुष्कळदा हीच जोडणी निखळते.

अशा स्थित्यंतराचे ठळक उदाहरण युनिटी या इंजिनचे. २००५ साली ते प्रथम बाजारात आले. २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीपासून त्यासोबत मोनोडेव्हलप नावाचा एडिटर मिळू लागला आणि जगभरच्या अनेक नवशिक्यांनी पहिला हुकूम त्यातच लिहिला. २०१८.१ या आवृत्तीपासून तो देणे बंद झाले. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ आणि मॅकवर व्हिज्युअल स्टुडिओ फॉर मॅक यांनी त्याची जागा घेतली. सी-शार्प या भाषेत नवे व्याकरण येत होते आणि जुना एडिटर त्यामागे पडला होता. बदल सकारणच होता. पण गंमत अशी, की मॅकवरचा तो नवा एडिटर मूळ मोनोडेव्हलपच्याच घराण्यातला, आणि ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचाही आधार काढून घेण्यात आला. नव्या घरी गेलेल्यांनाही पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागलेच.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर. हे हुकूम साध्या मजकुराच्या फायलींत असतात. असा मजकूर कोणत्याही एडिटरमध्ये उघडतो. म्हणून एडिटर बदलणे हे डबे बदलणे नव्हे, ते लेखणी बदलणे आहे. जुनी लेखणी हाती घेतल्याने लिहिलेले पुसले जात नाही. फार तर काही सोयी जातात आणि नवे व्याकरण तिला चुकीचे वाटते.

इंजिनची गोष्ट निराळी. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेले काम ती आपल्या पद्धतीने बदलून ठेवते, आणि ते जुन्या आवृत्तीत पुन्हा नीट चालेलच, याची शाश्वती नसते. येथे मात्र रूळ खरोखरच बदललेले असतात. भाषाच गेली तर त्याहून कठीण. युनिटीने आपली युनिटीस्क्रिप्ट ही भाषा २०१८ साली काढून टाकली, तेव्हा त्या भाषेत लिहिलेले सारे हुकूम सी-शार्पमध्ये उतरवून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेथे जुनी लेखणी असून उपयोग नव्हता.

तेव्हा मागे फिरताना आपण नेमके कशातून मागे फिरत आहोत, हे आधी पाहावे. नवे इंजिन घेण्यापूर्वी संपूर्ण कामाची प्रत वेगळी ठेवावी आणि जुन्या आवृत्तीचा क्रमांक टिपून ठेवावा. रेल्वेला एकाच मार्गावर दोन्ही रूळ ठेवणे परवडले नाही, संगणकावर मात्र जागा असेल तर जुने व नवे इंजिन शेजारी शेजारी नांदू शकते. एडिटर बदलावयाचा असेल तर युनिटीत ‘प्रेफरन्सेस’मधील ‘एक्स्टर्नल टूल्स’ या ठिकाणी आपल्या पसंतीचा एडिटर निवडता येतो. आणि परीक्षा तोंडावर असताना यांपैकी काहीच बदलू नये.

पुतणीने प्रत ठेवलेली नव्हती. इंजिन मागे नेणे तिला शक्य नव्हते, पण एडिटर होता. दुपारी तिने जुना एडिटर पुन्हा बसविला. शब्द सुचविण्याची सोय गेली होती, ती नावे तिने वहीत लिहून घेतली. दिवेलागणीच्या सुमारास नंदी बागेतून धावू लागला. आजींनी चष्मा लावून तो पाहिला आणि विचारले, “याच्या शिंगांले बेगड कावून नाही लावली?”

ते कामही पुतणीने त्याच रात्री जुन्याच लेखणीने पुरे केले. आमचा उपदेश आम्ही परत घेतला.