नर्मदा परिक्रमा : दीर्घ प्रवास, याचना आणि जीवनहेतू – एक विवेचन

प्रस्तावना

भारतीय परंपरेत प्रवासाकडे साधनेचा एक मार्ग म्हणून पाहिले गेले आहे. संन्याशाचे परिव्रजन, वारकऱ्याची वारी, गृहस्थाची तीर्थयात्रा ही त्याची निरनिराळी रूपे होत. अलीकडच्या काळात दीर्घ प्रवासाचे आकर्षण नव्या स्वरूपात वाढलेले दिसते. नोकरी सोडून काही महिने किंवा वर्षे भटकावे, म्हणजे 'स्व'चा शोध लागतो आणि जीवनाला हेतू सापडतो, अशी धारणा सुशिक्षित वर्गात रूढ होत आहे. परंतु दीर्घ काळ घराबाहेर राहिल्याने माणूस आपोआप अंतर्मुख होतो काय, हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे. नर्मदा परिक्रमेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिक्रमेचे स्वरूप

नर्मदा मध्य प्रदेशातील अमरकंटक येथे मैकल पर्वतरांगेत उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटरचा प्रवास करून भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या सीमेवरचा तिचा अल्प भाग येतो. या नदीला उजव्या हाताला ठेवून, तिचा प्रवाह न ओलांडता, दोन्ही तीरांनी पूर्ण प्रदक्षिणा घालणे म्हणजे परिक्रमा होय. हे अंतर सुमारे २६०० किलोमीटर भरते. परिक्रमा कोठूनही आरंभता येते. मात्र ओंकारेश्वर येथून आरंभ करणे विशेष रूढ आहे. मुखाजवळ विमलेश्वर येथून नावेने समुद्रमार्गे उत्तर तीरावरील मिठी तलाईला जावे लागते.

परंपरेने परिक्रमेचा कालावधी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस असा सांगितला आहे. हे दिवस सुमारे १२०० होतात. म्हणजे चालण्याची सरासरी दिवसाला जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटर पडते. चातुर्मासात परिक्रमावासीने एका ठिकाणी थांबावयाचे असते, हे त्याचे एक कारण आहे. परंतु या हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. परंपरेला अंतर लवकर कापणे अभिप्रेतच नव्हते. काठावर राहणे, थांबणे आणि माणसांच्या सहवासात येणे हाही परिक्रमेचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. आज पायी परिक्रमा करणारे बहुसंख्य लोक ती काही महिन्यांत पूर्ण करतात.

नियमांमागील अर्थ

परिक्रमेचे नियम मोजके आहेत. सोबत पैसे बाळगू नयेत, एका वेळेच्या गरजेपेक्षा अधिक शिधा जवळ ठेवू नये, मिळेल ते अन्न ग्रहण करावे, नर्मदेत स्नान करावे आणि कुपीत घेतलेल्या नर्मदाजलाचे नित्य पूजन करावे. परिक्रमेच्या अखेरीस हे जल ओंकारेश्वराला अर्पण केले जाते.

या नियमांचा एकत्रित विचार केल्यास त्यांतून दोन सूत्रे हाती येतात. पहिले सूत्र याचनेचे आहे. जो माणूस घरी वेतन, पद आणि प्रतिष्ठा यांच्या आधारे जगतो, त्याला येथे परक्या दारात 'नर्मदे हर' म्हणून उभे राहावे लागते. मिळेल की नाही, काय मिळेल, हे त्याच्या हाती नसते. अहंकाराचा क्षय हा शब्द ग्रंथांत वाचणे आणि भुकेल्या अवस्थेत अनोळखी व्यक्तीने दिलेली भाकरी स्वीकारणे, यांत मोठे अंतर आहे. दुसरे सूत्र परतीचे आहे. तीर्थयात्रेत गंतव्य असते; परिक्रमेत जेथून निघावयाचे तेथेच यावयाचे असते. त्यामुळे 'काय गाठले' हा प्रश्नच गैरलागू ठरतो आणि 'कोण होऊन परतलो' हा प्रश्न उरतो.

मानवशास्त्राच्या परिभाषेतही हे मांडता येते. आर्नोल्ड व्हान गेनेप याने १९०९ मध्ये संक्रमण-विधींच्या तीन अवस्था सांगितल्या : विलगीकरण, संक्रमण आणि समाजात पुनःप्रवेश. व्हिक्टर टर्नर याने त्यांतील मधल्या अवस्थेचा विस्ताराने अभ्यास केला आणि तीर्थयात्रेत सामाजिक भेद शिथिल होऊन समभावाचा अनुभव येतो, असे प्रतिपादन केले. तथापि, हा समभाव गृहीत धरता येत नाही. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवरील 'वाटचाल' या लेखात, एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवताना मात्र वेगळे बसतात, हे वेदनेने नोंदविले आहे. तात्पर्य, चालण्याने भेद सैल होण्याची शक्यता निर्माण होते. भेद सोडण्याचा निर्णय चालणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

मराठी अनुभवविश्व

नर्मदेचा काठ मराठी भाषकांना परका नाही. अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर याच काठावर आहे. कोकणातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी, यांनी १९१४ मध्ये गरुडेश्वर येथे देह ठेवला. गो. नी. दांडेकर यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीने हा काठ मराठी वाचकांच्या मनात रुजविला, तर जगन्नाथ कुंटे यांच्या परिक्रमाविषयक लेखनाने अनेकांना प्रत्यक्ष चालण्यास प्रवृत्त केले.

जीवनहेतूच्या दृष्टीने दोन उदाहरणे विशेष उद्बोधक आहेत. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, टप्प्याटप्प्याने परिक्रमा सुरू केली. त्यांनी नोकरी किंवा संसार सोडला नाही. चालणे, रेखाटणे आणि लिहिणे यांतून त्यांचे उर्वरित आयुष्य नर्मदेशी बांधले गेले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे उदाहरण नाशिकच्या भारती ठाकूर यांचे आहे. त्यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली. वाटेत पाहिलेल्या मुलांच्या शिक्षणाची अवस्था त्यांच्या मनात राहिली. पुढे नोकरी सोडून त्या निमाड भागात परतल्या आणि नर्मदाकाठच्या ग्रामीण मुलांसाठी शिक्षणाचे कार्य त्यांनी उभे केले. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, हेतू परिक्रमेच्या आरंभी ठरलेला नव्हता. ज्या काठाने अन्न व आसरा दिला, त्याच्याविषयीच्या ऋणाच्या जाणिवेतून तो आकारास आला.

देणारा काठ आणि बदललेली नदी

परिक्रमेच्या वर्णनांत चालणारा नेहमी केंद्रस्थानी असतो. देणारा मात्र निनावी राहतो. वस्तुतः परिक्रमा टिकून आहे ती सदाव्रत चालविणाऱ्या आश्रमांमुळे आणि स्वतःच्या तुटपुंज्या साठ्यातून पीठ, डाळ व मीठ काढून देणाऱ्या कुटुंबांमुळे. शूलपाणीच्या झाडीविषयीच्या कथाही या दृष्टीने पुन्हा वाचावयास हव्यात. तेथे भिल्ल लोक परिक्रमावासींचे सर्वस्व काढून घेत, अशी वर्णने आढळतात. परंपरेने त्यांना 'मामा' मानून त्या लुटीला नर्मदेने घेतलेली परीक्षा मानले. पण हे कथन वाटसरूच्या बाजूचे आहे. त्या डोंगरांतील माणसांचे दारिद्र्य त्यात क्वचितच येते.

त्याच माणसांना पुढे खरे स्थलांतर घडले. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांनी नदीचा मोठा भाग जलाशयात रूपांतरित केला. २००४ मध्ये हरसूद हे गाव इंदिरासागरच्या बुडीत क्षेत्रात गेले. १३८.६८ मीटर उंचीच्या सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद करण्यात आले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर, तीरावरच्या पायवाटा आणि अनेक आदिवासी गावे पाण्याखाली गेली. परिक्रमावासीला आता जलाशयांना दूरचे वळसे घ्यावे लागतात. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूला आसरा दिला, त्यांतील कित्येक घरांना स्वतःच नवा आसरा शोधावा लागला.

दुसरा बदल प्रवासाच्या रीतीतील आहे. वाहनाने साधारण पंधरा ते वीस दिवसांत परिक्रमा पूर्ण करण्याची सोय झाल्यामुळे वृद्ध व आजारी भाविकांनाही नर्मदादर्शन घडते, ही इष्ट बाब होय. मात्र निवास व भोजन आधीच ठरलेले असल्याने याचनेचा अनुभव त्यातून वगळला जातो. पायी चालणाऱ्याच्या बाबतीतही, तो केवळ घेत राहिला आणि देणाऱ्याची स्थिती त्याने पाहिलीच नाही, तर त्याची परिक्रमा गरिबांच्या खर्चाने केलेले पर्यटन ठरण्याचा धोका आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१) दीर्घ प्रवास स्वतःहून आध्यात्मिक उन्नती घडवीत नाही. अपरिग्रह, याचना आणि संथ गती यांच्या नियमांनी बांधलेला प्रवास तिला अनुकूल भूमी तयार करतो.

२) जीवनहेतू एकांतातील आत्मशोधातून जितका सापडतो, त्याहून अधिक तो इतरांकडून घेतल्याच्या जाणिवेतून उमलतो.

३) अशा प्रवासाचे यश परतल्यानंतरच्या जीवनावरून ठरते. गेनेपच्या तिसऱ्या अवस्थेला, म्हणजे पुनःप्रवेशाला, म्हणूनच विशेष महत्त्व आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या निष्कर्षांना व्यावहारिक अर्थ आहे. अभ्यासदौरा किंवा पदयात्रा आखताना विद्यार्थ्यांनी किती स्थळे पाहिली, याबरोबरच ते कोणाच्या घरी जेवले, त्या घराची स्थिती त्यांना कळली काय आणि परतल्यावर त्यांनी त्या घरासाठी काय केले, हेही विचारले गेले पाहिजे. परिक्रमेच्या अखेरीस कुपीतील जल अर्पण केले जाते. काठाचे ऋण मात्र त्यानंतरच फेडावयाचे असते.