धुऱ्यावरच्या झाडाचा हिशेब



साकोली तालुक्यातले सानगडी घ्या, नाही तर भंडारा जिल्ह्यातले धानाचे दुसरे कोणतेही गाव घ्या. धुऱ्यावरचे झाड धान खाते, अशी तक्रार तुम्हीही केली असेल. ती खोटी नाही. बाभळीच्या सावलीतला धान खुरटतो, लोंब नीट भरत नाही. पण झाड घेते तेवढेच आपल्याला दिसते. ते देते काय, ते जमिनीत असते. म्हणून हिशेबातून सुटते.

उडदाच्या मुळांवर गाठी असतात ना, तशाच बाभळीच्या मुळांवरही असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. वरून पाला गळतो, कुजतो. म्हणून जुन्या बाभळीखालच्या मातीत मोकळ्या बांधीपेक्षा नत्र व सेंद्रिय अंश जास्त सापडतो. गुरुजींनी हे मुलांना दाखवावे. एक ढेकूळ झाडाखालचे, एक बांधीच्या मधले; माती मात्र एकाच जातीची हवी. दोन्ही वाळवून पाण्याच्या पेल्यांत अलगद सोडा. सेंद्रिय अंश असलेले ढेकूळ बहुधा टिकून राहते, दुसरे लवकर विरघळते. पावसात शेताचेही तेच होते.

मग सावलीचे काय? रोवणीआधी खालच्या फांद्या छाटा. सरपण मिळेल, उजेडही मिळेल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या धुऱ्यावर झाड लावाल, तर तुमची लाखोळी वाचेल, पण शेजाऱ्याची सावलीत जाईल! तेव्हा आधी त्याच्याशी बोलून घ्या. धुऱ्याची भांडणे काय थोडी आहेत?

सावलीच नको, त्याने गिरिपुष्प लावावे. पावसाच्या सुरुवातीला जाड फांदीचे तुकडे रोवले की फुटतात. पुढे दरसाल त्यांचा पाला चिखलणीत गाडावा. शंभर किलो वाळल्या पाल्यात अडीच-तीन किलो नत्र असतो, म्हणजे साडेपाच ते साडेसहा किलो युरियाइतका. ओला पाला मात्र याच्या चौपट-पाचपट लागतो, आणि सगळा नत्र काही त्याच हंगामात पिकाला मिळत नाही. युरिया बंद करा, असे मी म्हणणार नाही. पण युरियाने मातीला सेंद्रिय अंश मिळत नाही, पाल्याने मिळतो.

आता पैशाकडे वळू. पावसाने दगा दिला तर धान जातो, झाड उभे राहते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, लाकूड अवजारांना चालते. पळसावर लाखेचे किडे पोसता येतात. बांबूचे तर कायद्यानेच सोपे केले आहे: वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ पासून भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येत येत नाही. साग, मोह, येन यांचे तसे नाही. त्यांना १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. स्वतःच्या धुऱ्यावरचे असले तरी कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी काढावी लागते.